डेल्फाच्या मापाची बंदूक

ऑगस्ट लागला की डेल्फा गॅबर्डचा पाय घरात ठरत नसे. वरच्या डोंगरधारेवर हिकरीच्या झाडांना फळं धरायची, खारी त्यांच्यावर तुटून पडायच्या आणि दातांनी सोललेल्या सालींचा चुरा खालच्या पानांवर टपटपत राहायचा. तो आवाज काही घरापर्यंत पोचत नाही. पण डेल्फाला तो भांडी घासताना ऐकू यायचा, शेंगा निवडताना ऐकू यायचा, आणि चर्चमध्ये डोळे मिटून बसल्यावर तर फारच ऐकू यायचा. "तुला कान नाहीत, तुला खाज आहे," असं तिचा नवरा होबर्ट म्हणायचा.

त्या ऑगस्टात होबर्ट नव्हता. केंटकीच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला माणूस. छातीत भरलेल्या धुळीशी भांडून भांडून फेब्रुवारीत एकदाचा थकला. डोंगरानं काही त्याचं सुतक पाळलं नाही. हिकरी फळल्या, खारी आल्या. डेल्फा उठून ओसरीवर जाई, परत येई, शेगडीवरचं झाकण उचलून उगाच आत बघे, पुन्हा ओसरीवर जाई. शिकारीचा मोसम शनिवारी पहाटे उघडायचा होता आणि तिच्या भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या.

आमच्याकडे बापाच्या बंदुका मुलाकडे जातात आणि आईची भांडी मुलीकडे. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजच कधी पडली नाही. होबर्टला माती देऊन आल्यावर लोक जेवले, पांगले, आणि डेल्फा मोरीपाशी ताटं विसळत असताना तिचा मुलगा लॉनी बैठकीत खुर्चीवर न चढताच वरच्या खुंटीपर्यंत हात पोचवून बंदुका उतरवू लागला. सहा फुटांचा गडी. रस्त्याच्या खात्यात ट्रक चालवतो, मन लोण्याचं. हरणाची मोठी रायफल, छर्ऱ्यांची दुनळी, आणि शेवटी ती जुनी, बारीक गोळीची पॉइंट टू-टू. "एकटी राहतेस आई," तो म्हणाला. "घरात बंदुका असल्या की चोरांना निमंत्रण." डेल्फाच्या हातात साबणाचं पाणी होतं. ट्रकचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा तिनं तेच एक ताट पुन्हा विसळलं.

हरणं होबर्टची, खारी डेल्फाच्या, असं त्या घरात संसारभर चाललं होतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची, सगळ्या घळीतली पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली. पण मोसमाच्या शनिवारी ती कोणाची नसे. अंगानं मुठीएवढी बाई, खांद्याला ती पॉइंट टू-टू लावून धार चढायची आणि उन्हं वर यायच्या आत पोटापुरत्या खारी घेऊन उतरायची. मग जाड रस्सा, ऊन पाव आणि कापलेला टोमॅटो. लॉनीनं हे सगळं पाहिलं होतं, खाल्लंही होतं. तरी त्याच्या लेखी खुंटीवरचं सगळं बापाचं होतं. आई ते वापरायला घ्यायची, एवढंच.

आता डेल्फा सत्तरीला टेकली होती. आपलीच वस्तू मागायची म्हणजे भीक मागितल्यासारखं होतं, आणि भीक तिच्या माहेरच्यांनी कधी मागितली नव्हती. म्हणून एका सकाळी ती उठली, केस बांधले आणि गावात कॉय नेपियरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"काय गं डेल्फा, खिळे का?" कॉयनं विचारलं. दोघं एका शाळेत होती.

"बंदूक."

"कोणाला?"

"मला."

कॉयनं चष्मा वर सरकवला. "चोरबीर येतात का? एकट्या बाईनं घरात काहीतरी ठेवावंच. हे बघ, एवढंसं पिस्तूल आहे. पर्समध्ये मावतं."

डेल्फाला लॉनीचे शब्द आठवले आणि हसू फुटलं. "बंदूक असली की चोर येतात, नसली तरी येतात. चोरांना दुसरं काम नाही का रे? मला खारी मारायच्यात. पॉइंट टू-टू दाखव. माझ्या ऐपतीतली."

त्यानं गुलाबी प्लास्टिकच्या दस्त्याची एक काढली. "ही मुलींसाठी खास आलीय."

"मी तुला मुलगी दिसते?"

"दुकानात पाऊल टाकणारी प्रत्येक बाई मुलगीच, असं बायकोनं शिकवून ठेवलंय."

"तुझी बायको शहाणी आहे. पुढची काढ."

पुढची आपोआप भरणारी होती. चाप ओढत राहा, गोळ्या सुटत राहतात. डेल्फा म्हणाली, मला खार मारायचीय, झाड पाडायचं नाही. मग दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची एक आली. काळा प्लास्टिकचा दस्ता, पावसापाण्याची फिकीर नाही, गंज धरत नाही, नेम चांगला, आणि किंमत अशी की तिच्या पेन्शनीतून जमावी. "याच्याहून शहाणा सौदा नाही," कॉय म्हणाला, आणि खोटं बोलत नव्हता. डेल्फानं ती खांद्याला लावली. दस्ता खांद्याला टेकला तर बोट चापापर्यंत जेमतेम पोचत होतं. मान लांबवावी तेव्हा कुठे नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसायची. कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलताना लांबवतात तशी.

"पोरांच्या मापाची आहे बघ एक," कॉयनं आतून आणली. ती खांद्याला लावली तर तिचा स्वतःचा अंगठा नाकाला लागला.

"मधली नाही?"

"मध्ये कोणी जन्मतच नाही असं कारखान्यातल्या लोकांना वाटतं."

"ही काळी कापून मिळेल?"

"प्लास्टिक आतून पोकळ असतं गं. कापलंस तर भगदाड पडेल. लाकडाच्या आहेत माझ्याकडे, पण त्यांच्या किमती ऐकून तू मला शिव्या देशील."

तिनं ऐकल्या आणि दिल्या. "बघते," म्हणून बाहेर पडली, गाडीत बसली, उतरली, पुन्हा आत गेली, काळी पुन्हा खांद्याला लावली, पुन्हा ठेवली. कॉयनं मान वर केली नाही. जनावर जागा बदलत असेल तेव्हा त्याच्याकडे बघू नये, हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी लॉनीकडे जेवण होतं. त्याची बायको टॅमी सुगरण, आणि त्या दिवशी नवे पाद्रीबाबा पाहुणे होते. बैठकीच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, लॉनीनं ती जुनी पॉइंट टू-टू टांगली होती. तेल लावून, पुसून लख्ख केली होती. डेल्फा मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसली.

"वडिलांची वाटतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"माझी म्हणा ना," लॉनीचा चेहरा उजळला. त्यानं बंदूक उतरवली, आत काही नाही हे उघडून दाखवलं आणि दस्त्याचं टोक पुढे केलं. "हे बघा, इथे कापलंय. मी सहा वर्षांचा होतो. माझा हात पुरत नव्हता म्हणून बाबांनी स्वतः करवत लावली. बाबा फार बोलणारे नव्हते. मला कधी जवळ घेतल्याचंही आठवत नाही. पण हे बघितलं की वाटतं, या माणसानं माझ्यासाठी चांगली बंदूक कापली. आता हिला बाजारात कोणी विचारणार नाही. मला पन्नास बंदुका दिल्या तरी ही द्यायची नाही."

डेल्फाच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. तो दस्ता कापला तेव्हा लॉनी जन्मायचा होता. लग्नाच्या दुसऱ्या शरदात ओसरीच्या पायरीवर होबर्टनं तिला उभं केलं होतं, बंदुकीच्या दस्त्याचं टोक तिच्या कोपराच्या खोबणीत बसवलं होतं आणि कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली होती. कापल्यावर तो म्हणाला होता, "आता ही कोणाच्या कामाची नाही, तुझ्याशिवाय." त्या माणसाच्या तोंडून निघालेलं प्रेमाचं तेवढंच वाक्य. ते तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. लॉनी बंदूक मांडीवर घेऊन त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होता. सहा फुटांचा माणूस.

"बटाटे घ्या पाद्रीबाबा," डेल्फा म्हणाली. "लोणी वितळायच्या आत घ्या."

जेवण होताच ती निघाली. टॅमीनं दारापर्यंत येऊन विचारलं, "आई, बरं वाटत नाही का? सारख्या उठताय, बसताय."

"हिकरी फळल्यात," डेल्फा म्हणाली.

"या वयात तुम्ही धारेवर जायचं नाही हं. पडलात म्हणजे?"

"पडले तर तिथेच पुरा. खारींची परतफेड होईल."

त्या आठवड्यात तिनं कोंबड्यांचं खुराडं दोनदा झाडलं, पडदे धुतले, वाळायच्या आतच काढले आणि पुन्हा धुतले. खरं सांगितलं तर बंदूक मिळेल. लॉनी तसा आहे. त्याच संध्याकाळी आणून देईल, आणि पुन्हा कधी भिंतीकडे बघणार नाही. नाही सांगितलं तर मोसम उघडेल आणि ती खिडकीतून धारेकडे बघत बसेल. पुढच्या वर्षी गुडघे कसे असतील कोण जाणे. दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. झोप कुठल्याच बाजूला लागली नाही.

शुक्रवारी ओढ्याकाठी अदलाबदलीचा बाजार भरतो. पिकअप गाड्यांची मागची फळकुटं पाडून माणसं माल मांडतात: कोंबडे, कुऱ्हाडी, शिकारी कुत्री, नटबोल्टचे पाने, बंदुका. पैसे चालतात, पण नुसते पैसे देणाऱ्याला जरा कमी मानतात. डेल्फानं गाडीत होबर्टचा चेनसॉ टाकला. लॉनीकडे स्वतःचा होता म्हणून तो मागे राहिला होता.

एस्टिल फ्यूगेट रांगेच्या टोकाला बसतो. त्याच्या तोंडात दात थोडे आणि बोलणं फार. त्याच्या फळकुटावरच्या बंदुकांत डेल्फाला ती दिसली. बोल्टची जुनी पॉइंट टू-टू, नळीचा निळा रंग उडालेला, पण दस्ता भरीव अक्रोडाचा. भरीव म्हणजे कापता येणारा. तिनं लगेच नजर कोंबड्यांकडे वळवली. एस्टिलनं तिला नजर वळवताना पाहिलं.

तेवढ्यात खालच्या खोऱ्यातला एक जाडा गडी मध्ये घुसला, त्यानं तीच बंदूक उचलली, बोल्ट मागेपुढे केला आणि चापाकडे बोट नेलं.

"ए!" डेल्फानं त्याच्या मनगटावर फटका मारला. "रिकामी आहे ना ती? मग चाप काय ओढतोस!"

या जातीच्या काडतुसाची ठिणगी त्याच्या काठात असते. आत काडतूस नसेल तर गोळी उडवणारी आतली टाचणी थेट नळीच्या ओठावर आदळते, तिथे खड्डा पडतो, आणि मग काडतुसं अडकत राहतात. दुसऱ्याच्या रिकाम्या पॉइंट टू-टूचा चाप ओढणं म्हणजे आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

"तुझी आहे का मावशी?" गडी मनगट चोळत म्हणाला.

"नाही."

"मग?"

"होणार असेल तर?"

झालं. एस्टिलनं मांडीवर थाप मारली. "डेल्फा, आता तू माझ्या तावडीत सापडलीस. सौदा व्हायच्या आधी बंदुकीची बाजू घेणारं गिऱ्हाईक परमेश्वर रोज पाठवत नाही."

डेल्फाला स्वतःचाच राग आला. तिनं बंदूक घेतली, बोल्ट काढला, नळीतून आभाळ बघितलं. आत स्वच्छ, चकचकीत. करंगळीचं नख ओठाच्या कडेवरून फिरवलं. कुठे अडकलं नाही. खांद्याला लावली. लांब. लांब होती म्हणूनच बरं वाटलं.

"चेनसॉ देते," ती म्हणाली.

"चेनसॉ आणि वर?"

"वर काय? चेनसॉ होबर्टचा आहे."

"होबर्ट भला माणूस होता, पण त्यानं हा चेनसॉ दगडांवर चालवलाय. पातं बघ."

"तुझे दात बघ. मी काही बोलले का?"

आजूबाजूची माणसं गोळा झाली. शेवटी चेनसॉ, टोमॅटोच्या भरलेल्या बरण्या आणि थोडे पैसे यावर गाडी थांबली. एस्टिलनं वर दोन वेगवेगळ्या काडतुसांच्या डब्या दिल्या. "प्रत्येक पॉइंट टू-टूची जीभ वेगळी असते. हिला काय आवडतं ते तूच शोध. आणि कंटाळलीस की इथेच आण, हाच चेनसॉ परत देईन."

"परत नाही यायची ती. दस्ता कापणार आहे मी."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. कोणाचा तरी कोंबडा तेवढा बोलला. आमच्याकडे बंदूक कोणी कायमची घेत नाही; ती चार घरं हिंडते आणि सोयऱ्यासारखी पुन्हा दारात येते. दस्ता कापला की तिचं हिंडणं संपलं. ती एकाच अंगाची होऊन बसते. एस्टिलनं बंदूक मागे ओढली.

"मी गाय विकतो, डेल्फा. खाटकाला नाही विकत."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तर विकली असती."

"मग मी नाही सांगितलं."

एस्टिलनं तिच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं. सगळी रांग हसायला लागली तशी त्यानं बंदूक तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "माझ्यासमोर कापू नकोस म्हणजे झालं."

ती घरी पोचते तो लॉनीचा ट्रक अंगणात उभा. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता आणि चेहऱ्यावर पावसाळी ढग.

"खरं का, आई?"

"काय खरं?"

"एस्टिलकडून बंदूक घेतलीस आणि ती कापणार आहेस."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं ते विचार. पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरची बाई म्हणते, तुझी आई बंदूक कापून शेगडीत घालणारेय."

"शेगडीत नाही घालणार."

"अगं पण चांगली बंदूक नासवायची कशाला? आखूड हवी होती तर माझी मागायची. मी काय नाही म्हटलं असतं? उद्याच्या दिवस घेऊन जा, संध्याकाळी आणून दे."

डेल्फाच्या कानशिलात रक्त चढलं. उद्याच्या दिवस. संध्याकाळी आणून दे. शब्द जिभेच्या टोकावर आले, दातांना धडकले. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बारीक दातांची करवत, चिकटपट्टी आणि पेन्सिल होती. दस्त्याच्या टोकाची पट्टी तिनं स्क्रू काढून सुटी केली. मग पायरीवर उभी राहिली, टोक कोपराच्या खोबणीत बसवलं, बोट चापाकडे नेलं, आणि जितकं पुरेना तितकं टोकापासून मोजून लाकडावर रेघ मारली. रेघेभोवती चिकटपट्टी गुंडाळली, लाकूड तडकू नये म्हणून.

"धर," ती लॉनीला म्हणाली.

"काय?"

"दस्ता धर. मला दोनच हात आहेत."

त्यानं धरला. सवयीनं धरला, आईनं धर म्हटलं की धरायचं, असा वाढलेला होता तो. करवत चालू लागली. अक्रोडाचा गोडसर भुसा त्याच्या बुटांवर पडू लागला. अर्ध्यापर्यंत आली तेव्हा तो म्हणाला, "आई, ही रेघ कुठे मारायची ते तुला कसं कळलं?"

"मोजलं की. तुझ्यासमोर मोजलं."

"कोपरात धरून."

"मग काय गुडघ्यात धरू?"

करवत चालली होती. लॉनीची नजर तिच्या कोपरावर, मग रेघेवर, मग पुन्हा कोपरावर. त्याच्या घरची बंदूक त्याला झोपेतही मापासकट दिसत असणार.

"आई."

"बोट काढ. करवतीखाली येतंय."

"मला ती तेव्हाही लांबच होती," तो हळूच म्हणाला. "सहा वर्षांचा होतो तेव्हा. आता आठवतंय. दस्ता माझ्या काखेखालून मागे जायचा आणि बाबा मागून तो स्वतः धरायचे. पोरासाठी कापली असती तर लांब कशी राहिली असती?"

डेल्फानं करवत थांबवली नाही.

"तुला त्यांनी मागून धरून शिकवलं, ते खरं आहे ना?"

"हो."

"मग ते घट्ट धरून ठेव. आणि हेही धर, हलतंय."

लाकडाचा तुकडा खाली पडला. लॉनी तो उचलून बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग खिशात घातला की कुठे टाकला, तिनं पाहिलं नाही. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. त्याच्या ट्रकचे दिवे वळणावर दिसेनासे झाले आणि डेल्फाला वाटलं, आपण सांगितलंही नाही आणि लपवलंही नाही, आता याचं काय होणार. तिला बसवेना. कड घासली, पट्टी पुन्हा बसवली, उरलेल्या उजेडात खांबावर डब्याचं झाकण ठोकलं आणि नेम धरून पाहिला. एका डबीतल्या गोळ्या सांडलेल्या भातासारख्या पसरल्या. दुसरीतल्या जरा शहाण्या वागल्या, पण डावीकडे. किती डावीकडे ते ठरवायच्या आत अंधारलं.

शनिवारी उजाडायच्या आधी ती धारेच्या वाटेला लागली. गुडघे कुरकुरत होते, धुकं ओढ्यावरून वर सरकत होतं. मोठ्या हिकरीपाशी आली तर झाडाखाली कोणीतरी उभं होतं. ती जागीच थांबली.

"मीच आहे," लॉनी म्हणाला. त्याच्या हातात ती जुनी होती. "घे."

"काय हे?"

"टॅमीला सांगितलं सगळं. ती म्हणाली, इतकी वर्षं रस्सा खाताना तुला कळलं नाही? घे ना आई. आणखी काही बोलायला लावू नकोस."

डेल्फानं आपली बंदूक झाडाला टेकवली आणि जुनी घेतली. खांद्याला लावली. गाल लाकडावर आपोआप टेकला, बोट चापाशी आपोआप गेलं, माशी खाचेत आपोआप उभी राहिली. काहीच शोधावं लागलं नाही. ती तशीच उभी राहिली, इतका वेळ की झाडांचे बुंधे एकमेकांपासून सुटे दिसू लागले. लॉनीनं डोळे पुसले ते तिला दिसलं, आणि दिसलं नाही असं तिनं केलं.

"आणि ती?" लॉनीनं झाडाला टेकलेल्या बंदुकीकडे बोट केलं. "बदल्यात मला ती घेता आली असती. पण तू तीही कापून बसलीस. आता दोन्ही तुझ्याच मापाच्या. एस्टिल तर हात लावणार नाही."

"मग? थांबायला हवं होतं का मी, तू येशील म्हणून?"

"मी आलो असतो का, ते तरी कुठे ठाऊक आहे," लॉनी म्हणाला.

वर काहीतरी खसफसलं. मग पानांवर टप. पुन्हा टप, टप. सालींचा ओला हिरवा चुरा तिच्या बाहीवर पडला. डेल्फाचं सगळं अंग ताठ झालं. तिनं जुनी लॉनीच्या हातात कोंबली आणि वाकून नवी उचलली.

"अगं, ती का?" तो कुजबुजला. "हिनं तर डोळे मिटूनही नेम लागेल तुझा."

"म्हणूनच. तिला काय आवडतं ते मला ठाऊक आहे. हिचं अजून कळायचंय. खाली बस. बैलासारखा उभा राहिलास तर खार काय, अस्वलसुद्धा यायचं नाही."

तो बसला, जुनी बंदूक मांडीवर आडवी घेऊन. डेल्फानं बुंध्याला खांदा टेकवला, नळी वर नेली. फांदीच्या बेचक्यात राखाडी शेपूट हललं. तिनं श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला. डावीकडच्या सालीचा टवका उडाला, खार सरसर वर पळाली.

"डावीकडे गेली," लॉनी म्हणाला.

"मला दिसतं. आंधळी नाही मी."

"कालच जरा लवकर नेम बसवून घेतला असतास तर..."

"काल तू तोंड पाडून बसला होतास, ते बघू की नेम बघू?"

लॉनी तोंड दाबून हसला. डेल्फानं बोल्ट मागे ओढला. रिकामं काडतूस गुळगुळीत बाहेर आलं आणि पानांत पडलं. तिनं खिशातला चाकू काढला, त्याच्या लाकडी मुठीनं नळीवरची मागची खाच उजवीकडे एक टिचकी सरकवली, वाकून बघितलं, समाधान झालं नाही, आणखी अर्धी टिचकी मारली. शेजारच्या हिकरीवर पुन्हा टपटप सुरू झालं होतं. ती त्या दिशेला निघाली, पाय न वाजवता, थोडं चालून, थांबून, पुन्हा थोडं चालून. लॉनी मागून यायला उठला तेव्हा तिनं वळून न बघता हात मागे करून त्याला जागच्या जागी बसवलं.